फळ्यावरचे तीन शेजारी



गणितावरच्या जाहीर व्याख्यानाला माणसे येत नाहीत, हा व्याख्यानमाला चालवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. चालू राजकारण, नाटक, हृदयविकार आणि हिमालय यांना गर्दी होते. तरीही कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर गणित शिकवत. विषय तुमच्या पसंतीचा घ्या, एवढेच ते म्हणाले, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला आहे. आज मी एका संख्येवर बोलणार आहे. फार तर तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या शेजारणींवर. शून्यासारखा तिचा गौरव कोणी केलेला नाही, पायसारखा तिचा वाढदिवस कोणी साजरा करत नाही. पण ती तुमच्या घरात आहे, खिशात आहे, आणि तिची एक शेजारीण पूर्ण समजून घ्यायला युरोपातल्या दोन श्रेष्ठ गणितींना मिळून जवळजवळ शतकभर लागले.

मागच्या फळ्यावर तीन संख्या लिहून ठेवल्या आहेत.

४,२९,४९,६७,२९५
४,२९,४९,६७,२९६
४,२९,४९,६७,२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव, शहाण्णव आणि सत्त्याण्णव. व्यवहारात या तिघींत फरक नाही. एवढ्या रकमेचा सौदा करणारा माणूस शेवटच्या दोन रुपयांसाठी अडून बसणार नाही. गणितात मात्र तिघींची घडण इतकी वेगळी आहे की त्या शेजारी राहतात यावर विश्वास बसू नये. संख्या किती मोठी आहे यावरून तिच्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. तिला कोण भागते यावरून सगळे कळते. आज मला एवढेच दाखवायचे आहे.

मधलीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत साधी. २ चा वर्ग ४. ४ चा वर्ग १६. १६ चा २५६. २५६ चा ६५,५३६. आणि त्याचा वर्ग ही मधली संख्या. पाच वेळा वर्ग केला की २ चा ३२ वा घात हाती येतो. बत्तीस वेळा दुप्पट करत बसावे लागत नाही.

ही युक्ती कोणाची? इसवी सनापूर्वीच्या शतकांत होऊन गेलेल्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात ती दिलेली आहे. त्याने सांगितलेली रीत अशी : अक्षरांची संख्या सम असेल तर ती अर्धी करा, विषम असेल तर तीतून एक काढा, आणि शून्यापर्यंत असेच उतरत जा. मग आल्या वाटेने परत चढा. जिथे एक काढला होता तिथे दुप्पट करा, जिथे अर्धे केले होते तिथे वर्ग करा. बत्तीसचे सोळा, आठ, चार, दोन, एक आणि शेवटी शून्य. परतताना एकदा दुप्पट, पाच वेळा वर्ग. आज संगणकाला घात काढायला शिकवताना पहिल्या वर्षाच्या मुलांना हीच रीत सांगतात, फक्त पिंगलाचे नाव सांगत नाहीत.

पिंगलाला घात कशाला हवे होते? वृत्ते मोजायला. प्रत्येक अक्षर लघु तरी असते किंवा गुरू तरी. एका अक्षराच्या दोन शक्यता, दोन अक्षरांच्या चार, तीन अक्षरांच्या आठ. हे आठ म्हणजे शाळेत पाठ केलेले आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे गण. आता अनुष्टुभाचा श्लोक घ्या. आठ अक्षरांचे चार चरण, एकूण बत्तीस अक्षरे. छंदाचे बाकीचे नियम बाजूला ठेवले आणि प्रत्येक जागी लघु-गुरूची पूर्ण मोकळीक दिली, तर बत्तीस अक्षरांच्या वेगवेगळ्या रचना किती होतील? बरोबर ही मधली संख्या. तेवढ्या, एक कमी नाही, एक जास्त नाही.

लघु-गुरूच्या जागी शून्य आणि एक ठेवा, की तुम्ही संगणकात आलात. बत्तीस बिटांत तेवढेच वेगवेगळे आकडे मावतात. इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्यात पत्ता बत्तीस बिटांचा असतो, म्हणून पत्ते एकूण ४२९ कोटी आणि काही लाख. ही पद्धत आखली गेली तेव्हा एवढे पत्ते कधी संपतील असे कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले.

पेन ड्राइव्हवर मोठा सिनेमा उतरवताना, आत भरपूर जागा शिल्लक असूनही, ‘फाइल फार मोठी आहे’ असे उत्तर अनेकांना मिळाले असेल. पेन ड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने तयार केलेला असतो, आणि त्या पद्धतीत एका फाइलची लांबी बत्तीस बिटांत नोंदवतात. त्यामुळे सर्वांत मोठी फाइल ४२९४९६७२९५ बाइटांची. फळ्यावरची पहिली संख्या. मधली का नाही? कारण शून्यालाही एक जागा द्यावी लागते. शून्यापासून मोजायला लागले की शेवटचा आकडा नेहमी एकाने अलीकडे येतो.

आता त्या पहिल्या संख्येकडे वळू. बुद्धिबळाचा पट आणि धान्याचे दाणे ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असेच चौसष्टाव्या घरापर्यंत. गोष्ट सांगणारे शेवटच्या प्रचंड आकड्याकडे धावतात आणि अर्ध्या वाटेवर कोणी थांबत नाही. आपण थांबू. पटाच्या चार ओळी भरल्या, बत्तीस घरे झाली. दाणे किती? ४,२९,४९,६७,२९५. तांदळाचा दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला तर सुमारे १०७ टन. दहा टन माल घेणारे अकरा ट्रक. राजाला हे सहज परवडले असते, आणि अर्धा पट भरून झाल्यावरही हा माणूस मूर्खासारखे थोडकेच मागतो आहे असे त्याला वाटत राहिले असते. उरलेल्या अर्ध्याने घात केला. अख्ख्या पटाचे वजन होते सुमारे ४६ हजार कोटी टन, आणि आज सगळे जग मिळून वर्षाला पन्नास कोटी टनांच्या थोडे पुढे तांदूळ पिकवते.

ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, लिहिली की ओळीने बत्तीस एकक दिसतात. एककांच्या ओळींचे वेड असलेला एक माणूस आपल्याकडेही होता. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांनी दशमान पद्धतीतल्या ११, १११, ११११ अशा संख्यांच्या वर्गांवरून ‘डेम्लो संख्या’ काढल्या, आणि डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. त्यांच्या एककांचा आणि या एककांचा घाट वेगळा आहे, तेव्हा त्या वाटेने आज जात नाही. पण या सभागृहात त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटेना.

तर ही बत्तीस एककांची संख्या. तिचे विभाजक काढायला आठवीतले एकच सूत्र पुरते : अ वर्ग वजा ब वर्ग. मधली संख्या हा ६५,५३६ चा वर्ग आहे, आपली संख्या त्याहून एक कमी, म्हणून ती ६५,५३५ गुणिले ६५,५३७. त्यातला ६५,५३५ हा २५६ च्या वर्गाहून एक कमी, म्हणजे २५५ गुणिले २५७. तसेच २५५ म्हणजे १५ गुणिले १७, आणि १५ म्हणजे ३ गुणिले ५. झाले. ३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत, आणि यांचा गुणाकार म्हणजे पटाच्या अर्ध्यावरचे सगळे दाणे.

या पाच संख्यांना फर्माच्या मूळ संख्या म्हणतात. फर्मा अजून यायचा आहे. त्याच्या आधी गाउस.

३० मार्च १७९६ रोजी कार्ल फ्रीडरिश गाउस एकोणीस वर्षांचाही झालेला नव्हता. त्या दिवशी त्याला कळले की सतरा समान बाजूंची सुसम आकृती केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येते. ग्रीकांना त्रिकोण, चौरस, पंचकोन येत होते, त्यांच्यापासून पंधरा बाजूंची आकृतीही येत होती. सात बाजूंची येत नव्हती, आणि सतरा बाजूंची येईल अशी दोन हजार वर्षांत कोणाला शंकाही आली नव्हती. गाउसने रोजनिशी लिहायला घेतली आणि तिच्यात पहिली नोंद याच शोधाची केली. पुढे १८०१ च्या ग्रंथात त्याने नियम दिला : बाजूंची विषम संख्या जर वेगवेगळ्या फर्मा-मूळ संख्यांचा गुणाकार असेल, एकही दोनदा न घेता, तर आकृती काढता येते. आणि नसेल तर येत नाही, ही उलटी बाजू १८३७ मध्ये वांत्सेल या गणितीने सिद्ध केली.

आता फर्मा-मूळ संख्या आपल्याला माहीत आहेत त्या पाचच. पाचांतून हव्या त्या निवडून गुणायचे, तर बत्तीस प्रकार. काहीच न निवडण्याचा एक सोडला की एकतीस. म्हणजे पट्टी-कंपासाने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या ज्ञात आकृत्या एकतीसच, आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. ती कोणी काढणार नाही. डोळ्याला ती आणि वर्तुळ यांत फरक दिसणार नाही. पण ६५,५३७ बाजूंची आकृती कशी काढावी हे लिहून काढण्यात योहान हेर्मेस या जर्मन शिक्षकाने दहा वर्षे घातली, १८९४ मध्ये काम संपवले, आणि ते बाड गॉटिंगेनला जपून ठेवलेले आहे. हा वेडेपणा आहे, असे तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. व्याख्यानमालेत एका संख्येवर तासभर बोलणाऱ्याला तो अधिकार नाही.

इथे एक गंमत दाखवतो, आणि ती दाखवण्यासाठीच मी आज तीन संख्या घेतल्या. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावर टीका लिहिली आणि तिच्यात मेरुप्रस्तार समजावून सांगितला. वरच्या ओळीत १. खाली १, १. त्याखाली १, २, १. मग १, ३, ३, १. मग १, ४, ६, ४, १. प्रत्येक आकडा त्याच्या वरच्या दोघांची बेरीज. पाठ्यपुस्तकांत याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. आता असे करा : विषम आकड्याच्या जागी १ लिहा, सम आकड्याच्या जागी ०. ओळी अशा होतात : १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११. द्विमान पद्धतीत वाचा : १, ३, ५, १५, १७, ५१. पुढच्या ८५, २५५, २५७. ओळखीच्या वाटतात? या त्याच आकृत्या आहेत, ज्या पट्टी-कंपासाने काढता येतात, आणि चढत्या क्रमाने एकामागून एक येतात. बत्तिसाव्या ओळीत सगळेच आकडे विषम असतात, म्हणजे बत्तीस एकक, म्हणजे फळ्यावरची पहिली संख्या. इथवर नियम एकदाही चुकत नाही.

तेहतिसाव्या ओळीत दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्ये. ती वाचली तर येते ४,२९,४९,६७,२९७. फळ्यावरची तिसरी संख्या. आणि नेमका इथे नियम मोडतो.

बत्तीस वेळा बिनचूक चाललेला नियम तेहतिसाव्या वेळी का मोडावा, हे समजायला आता फर्माकडे जावे लागेल. पिएर द फर्मा हा तुलूझचा न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग, आणि तो पत्रांतून चाले. १६४० मध्ये त्याने फ्रेनिकल या गणिती पत्रमित्राला एक यादी कळवली : ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४२९४९६७२९७ आणि पुढे अशाच. रीत तीच, वर्ग करत जायचे आणि एक मिळवायचा. या सगळ्या मूळ संख्या आहेत अशी आपली खात्री पटली आहे, पण सिद्धता सापडलेली नाही, असे त्याने लिहिले. चौदा वर्षांनी, १६५४ मध्ये, तो पास्कललाही हाच प्रश्न पाठवतो. म्हणजे मधल्या काळात त्याची खात्री कमी झालेली नव्हती आणि सिद्धताही मिळालेली नव्हती.

पहिल्या पाच संख्या खरोखर मूळ आहेत. पाचपैकी पाच. परीक्षेत एवढे गुण मिळाले की आपण पेढे वाटतो. गणितात एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

सहावी तपासायची कशी? तिचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे, आणि अशा ६,५४२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला हाताने साडेसहा हजार वेळा भागायचे. कोणी केले नाही, यात नवल नाही.

१ डिसेंबर १७२९ रोजी मॉस्कोहून गणिती गोल्डबाखने सेंट पीटर्सबर्गला लेऑनहार्ड ऑयलरला लिहिलेल्या पत्राच्या ताजा कलमात विचारले : फर्माचे हे म्हणणे तुम्हाला माहीत आहे का? ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि प्रथम त्याने ते फारसे मनावर घेतले नाही. १७३२ मध्ये पंचविशीतल्या त्याच माणसाने जाहीर केले की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

भागून पाहू, शाळेत भागतो तसे. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. वरून ९ घ्या : ४४८९, सात वेळा, बाकी फक्त २. वरून ६ घेतला, २६, भाग जात नाही, शून्य. ७ घेतला, २६७, पुन्हा शून्य. २ घेतला, २६७२, चार वेळा, बाकी १०८. ९ घेतला, १०८९, एकदा, बाकी पुन्हा ४४८. शेवटचा ७ घेतला, ४४८७, बरोबर सात वेळा, बाकी शून्य. भागाकार ६७,००,४१७. फळ्यावरच्या सात ओळी. या सात ओळींवाचून एक भ्रम ब्याण्णव वर्षे टिकला.

ऑयलर ६४१ पर्यंत पोहोचला कसा? साडेसहा हजार भागाकार करून नव्हे. पुढच्या एका लेखात त्याने सिद्ध करून दाखवलेली गोष्ट अशी. समजा एखादी मूळ संख्या या तिसऱ्या संख्येला भागते. मग तिने २ च्या ३२ व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ राहते, आणि त्याचा वर्ग केला की ६४ व्या घाताला बाकी १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्या चौसष्टाच्या फेऱ्यात फिरतात. आणि एक जुने प्रमेय सांगते की हा फेरा त्या मूळ संख्येहून एकने कमी असलेल्या संख्येला पूर्ण भागलाच पाहिजे. निष्कर्ष : विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असणार. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतून उघड संयुक्त संख्या गाळा. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

ते जुने प्रमेय कोणाचे? फर्माचे. ते त्याने त्याच फ्रेनिकलला कळवले १८ ऑक्टोबर १६४० रोजी, त्याच वर्षी. हत्यार त्याच्याच हातात होते, घाव पाचच घालायचे होते, आणि तरी संख्या फुटली नाही. मला वाटते त्याने ते घातले असावेत आणि भागाकारात कुठेतरी चूक झाली असावी. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण याच प्रमेयावर आधारलेली कसोटी त्याने दोनाच्या घातांवर लावली असती, तरी तो फसलाच असता, हे दाखवता येते. कसोटी अशी : संख्या मूळ असेल तर २ चा, तिच्याहून एकने कमी असलेला घात तिने भागल्यावर बाकी १ उरते. आपल्या बाबतीत तो घात म्हणजे फळ्यावरची मधली संख्या, आणि तिला ६४ ने पूर्ण भाग जातो. २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ हे आताच पाहिले. म्हणून बाकी १ येतेच. संयुक्त असूनही ही संख्या दोनाच्या परीक्षेत पास होते. तीनाची परीक्षा घ्या, नापास होते. फ्रेंच गणिती पेपँने १८७७ मध्ये फर्माच्या यादीसाठी एक पक्की कसोटी घालून दिली, आणि ती दोनावर न चालवता तीनावर चालवतात ती यामुळेच.

६४१ भागतो हे न भागताही दाखवता येते, आणि ते इतके देखणे आहे की ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. ६४१ दोन प्रकारे लिहा. एक, ५ गुणिले १२८ अधिक १. दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता सगळे बोलणे ६४१ ने भागल्यावरच्या बाकीपुरते. पहिल्यावरून ५ गुणिले १२८ ची बाकी उणे १. १२८ म्हणजे २ चा सातवा घात. चौथा घात घ्या : ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. दुसऱ्या लेखनावरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे २ चा चौथा घात चालतो. तो ठेवा. उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. म्हणून २ चा ३२ वा घात, बाकी उणे १. त्यात एक मिळवा. बाकी शून्य.

झिरा कोलबर्न नावाच्या अमेरिकन मुलाला, आठेक वर्षांचा असताना, लंडनमध्ये ही संख्या घातली गेली आणि त्याने तोंडी ६४१ सांगितला, असे नोंदलेले आहे. त्याला ही सिद्धता माहीत नव्हती. असल्या करामती थक्क करतात, पण त्यांतून पुढच्या संख्येबद्दल काही कळत नाही, म्हणून मला त्यांचे अप्रूप कमी.

आता मेरुप्रस्ताराचा नियम का मोडला ते उघड आहे. तेहतिसाव्या ओळीतली संख्या मूळ असती तर नियम पुढे चालू राहिला असता. ती मूळ नाही, ६४१ फर्माच्या यादीत बसत नाही, आणि म्हणून तेवढ्या बाजूंची आकृती पट्टी-कंपासाने निघत नाही. बत्तीस ओळींचे सगळे यश त्या पाच मूळ संख्यांचे होते. तेहतिसावी ओळ त्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

पहिल्या आणि तिसऱ्या संख्येचा गुणाकार केला तर बुद्धिबळाचा अख्खा पट भरतो : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. म्हणजे त्या गोष्टीतल्या दाण्यांचे विभाजक आपल्याला आता संपूर्ण माहीत आहेत : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. त्या राशीत दोन मिळवा, की फर्माची पुढची संख्या. तिचे विभाजक फोर्तुने लांद्रीने १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी काढले. त्यांतला लहान २,७४,१७७ आहे. त्यापुढची संख्या फोडायला १९७० साल आणि संगणक लागला. नववी, म्हणजे ३ ला शून्यावी धरून नववी, १९९० मध्ये जगभरच्या शेकडो संगणकांनी मिळून फोडली. अकरावीच्या पुढची एकही अजून पूर्ण फुटलेली नाही.

आणि काहींची स्थिती तर विचित्रच आहे. विसावी संख्या ३,१५,६५३ अंकांची. ती संयुक्त आहे हे पेपँच्या कसोटीने ठरले, शंकेला जागा नाही. पण तिचा एकही विभाजक माहीत नाही. तिला कोणीतरी भागते हे आपण सिद्ध केले आहे, आणि कोण भागते ते सांगता येत नाही. चोविसावीचे तसेच. बाहेरच्या माणसाला हे अशक्य वाटते. एखादी संख्या मूळ आहे का हे ओळखणे आणि तिचे विभाजक शोधणे ही दोन अगदी निराळ्या कठीणपणाची कामे आहेत. पहिले काम झटपट करता येते याची सर्वांत निर्मळ सिद्धता कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. दुसरे काम झटपट करण्याची रीत साध्या संगणकांसाठी कोणालाही सापडलेली नाही, आणि बँकेचे व्यवहार मोबाइलवर सुरक्षित राहतात त्यामागे या दोन कामांमधले अंतर मोठ्या प्रमाणावर आहे. या व्यवहारांना लावलेल्या कुलपांच्या गणितात रोज वापरला जाणारा घातांक बहुतेक वेळा ६५,५३७ असतो, फर्माची शेवटची ज्ञात मूळ संख्या. तिच्या द्विमान रूपात एकक दोनच, म्हणून तिने घात काढणे यंत्राला स्वस्त पडते. पिंगलाचीच रीत : सोळा वेळा वर्ग आणि एक गुणाकार.

फर्माची यादी १६४० मध्ये पाच मूळ संख्यांवर होती, आजही पाचांवरच आहे. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या. आता बहुतेक गणिती उलटे मानतात, की पुढे मूळ संख्या एकही नाही. पण हेही सिद्ध झालेले नाही, आणि फर्माची खात्री पाच उदाहरणांवर उभी होती तशी आपली अठ्ठावीस उदाहरणांवर आणि संभाव्यतेच्या एका अंदाजावर उभी आहे. मी स्वतः त्यावर सही करणार नाही.

तेहतिसावी संख्या मूळ आहे की संयुक्त हे आजच्या घडीला कोणालाही माहीत नाही. तिच्यात २५८ कोटी ५८ लाखांहून अधिक अंक आहेत. तिला विभाजक असलाच तर तो ३४३५९७३८३६८ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असेल, एवढी खूण ऑयलर आणि त्याच्यानंतर गणिती ल्युका यांनी करून ठेवली आहे. श्रोत्यांत संगणक चालवणारी तरुण मंडळी दिसत आहेत. त्यांनी आज रात्री घरी जाऊन आधी ६४१ चा भागाकार कागदावर करावा, आणि मग या तेहतिसावीच्या मागे लागावे.